सासूबाईंची सहल

रविवारी सकाळी सहा वाजता देओलिंदाबाई गाडीत जाऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या जावयाची दाढी अर्धीच झाली होती. त्यांनी हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला तो हात न उचलता, आणि अख्ख्या फोल्गोसिन्यो गावाची कुत्री भुंकायला लागली. बेलार्मिनो एका गालावर साबण तसाच ठेवून खाली आला.

"एवढी कसली घाई, सासूबाई? डोंगर कुठे पळून चाललाय का?"

"डोंगर नाही, मी चाललेय," त्या म्हणाल्या. "उद्या."

ते खरं होतं. सोमवारी त्यांचा मुलगा ओस्वाल्दो विझेउ शहराहून येऊन त्यांना घेऊन जाणार होता. तिथे नन चालवतात त्या वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी खोली मिळाली होती. जानेवारीत ग्रासिएत गेली. ती देओलिंदाबाईंची मुलगी आणि बेलार्मिनोची बायको. तेव्हापासून घरात सासू आणि जावई अशी दोघंच उरली होती, आणि गोठ्यात बत्तीस मेंढ्या.

सहलीचं त्यांनी शुक्रवारी सूप पिताना काढलं होतं. त्या आश्रमात म्हणे चाळीस बायका आहेत. कुणी ब्राझीलला राहून आलेली, कुणाचा नवरा आगबोटीवर होता, एक तर पोपला हात लावून आलेली. संध्याकाळी सगळ्या गोल बसून गप्पा मारतात. आपण काय सांगणार? एक्याऐंशी वर्षं मेंढ्यांच्या शेपट्या बघितल्या एवढंच? लिस्बनची पोरं पाठीला पिशव्या लावून येतात, त्यांनी आपला डोंगर आपल्यापेक्षा जास्त पाहिलाय. तेव्हा मला सगळं दाखव, त्या म्हणाल्या. सगळं म्हणजे काय, असं त्याने विचारल्यावर त्या म्हणाल्या की त्यांना माहीत असतं तर त्याला विचारलं नसतं.

खरं तर बेलार्मिनोलाही फारसं माहीत नव्हतं. चीज पोचवायला तो तीस वर्षं या डोंगरातल्या किल्ल्यांच्या गावांतून फिरला होता, पण प्रत्येक गाव त्याला दुकानाच्या मागच्या दारापुरतं ठाऊक होतं. तरी तो हो म्हणाला. शेजारच्या एर्मिनियोला दिवसभर मेंढ्यांकडे बघायला सांगितलं आणि चीजच्या गाडीतले खोके काढून जागा केली. वास काढता आला नाही.

सासूबाईंनी जाऊ नये असं त्याला वाटत होतं. एवढं एकच वाक्य, पण ते चार महिने त्याच्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं. कारण त्यांचे हात.

त्या डोंगरात मेंढीचं दूध एका काटेरी झाडाच्या फुलाने विरजतात, आणि मग ते घट्ट झालेलं दूध हाताने मोडून, दाबून दाबून त्यातलं पाणी काढतात. त्याला गार हात लागतात. गरम हाताखाली ते बिघडतं, हे तिथे लहान पोरालाही माहीत असतं. बेलार्मिनोचे हात म्हणजे तवा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याने हौसेने एकदा हात घातला होता, ते चीज शेवटी डुकराने खाल्लं. ग्रासिएतचे हात आईसारखे होते, विहिरीतून काढल्यासारखे. ती गेल्यावर चौथ्या दिवशी देओलिंदाबाईंनी न बोलता तिचा एप्रन बांधला आणि त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. आणि ईस्टरला सगळ्या पाहुण्यांसमोर ओस्वाल्दो हसत म्हणाला होता, "भाऊजी, फुकटात कामाची बाई मिळालीय तुम्हाला. कशाला सोडाल?"

तेव्हापासून 'राहा' म्हणावं तर ते हातांसाठी म्हटल्यासारखं होणार होतं. ईस्टरनंतर आठवड्याने देओलिंदाबाईंनी मुलाला येते म्हणून कळवलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

पहिल्यांदा त्यांनी म्हाताऱ्याचं डोकं पाहिलं. गोवेयाच्या वर रस्त्याकडेला एक खडक आहे, कपाळ, नाक, हनुवटी असलेला, आणि लोक त्याचे फोटो काढायला थांबतात. देओलिंदाबाई कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. नाक तुझ्या सासऱ्याचंच आहे, त्यांनी निर्णय दिला, पण तो एवढा वेळ गप्प बसला नसता.

मग मोन्देगो नदी जिथून निघते तो झरा. एवढी मोठी नदी, खाली विद्यापीठाच्या कोइम्ब्रा शहरापर्यंत जाणारी, पण तिथे ती घरातल्या नळाएवढी पडते. सासूबाईंनी चव घेतली, मान हलवली, आणि मग तळहात घट्ट लावून ती धार बंद केली.

"आता खाली कोइम्ब्रात विद्यार्थ्यांच्या अंगावर साबण तसाच राहिला असेल," त्या म्हणाल्या.

बाजूला रंगीत जॅकेट घातलेलं एक जोडपं उभं होतं. त्यातली बाई हसायला लागली, तिच्यामुळे नवरा, त्याच्यामुळे बेलार्मिनो. पाणी सासूबाईंच्या बोटांमधून सगळ्यांच्या अंगावर उडायला लागलं तरी त्या हात काढेनात. त्यांचं म्हणणं, अजून दोन मिनिटं, शिकलेल्या पोरांना सवय व्हायला हवी. नंतर गाडीत बसताना त्यांनी जावयाच्या गालावरचा वाळलेला साबण त्याच गार हाताने खरवडून काढला आणि आता माणसात आलास म्हणाल्या.

मान्तेगाशकडे उतरणारा रस्ता म्हणजे नुसती वळणं. बेलार्मिनो जपून चालवत होता. सासूबाईंनी दोनदा विचारलं की गाडीला एवढाच वेग आहे का. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा त्याने ब्रेकवरचा पाय थोडा उचलला. मागे राहिलेला एक रिकामा खोका या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटायला लागला, आणि शेजारी काळ्या रुमालातली म्हातारी दोन्ही हातांनी सीट धरून प्रत्येक वळणाला "आणखी" म्हणत होती. खाली पोचल्यावर गाडी कडेला घेतली. त्यांनी एका झाडाखाली उभ्याउभ्याच पाव आणि सॉसेज खाल्लं आणि उगीचच एकमेकांकडे बघून हसले.

पुढे चेरीची टोपली घेतली. बिया खिडकीतून कोण लांब थुंकतं याची शर्यत लागली. बेल्मोन्तपर्यंत सासूबाई पुढे होत्या. तिथे एका चौकात पोलिसाने हात केला आणि गाडी थांबवली. एक बी त्याच्या बुटावर पडली होती. बेलार्मिनो घाबरून कागद शोधायला लागला. सासूबाईंनी पोलिसाला विचारलं, कुणाचा रे तू? त्याने सांगितलं. मग त्यांनी त्याच्या आजीचं नाव सांगितलं, त्या आजीला एकदा मेंढ्याने कसं टाकीत ढकललं होतं तेही सांगितलं, आणि तो पोलीस टोपलीतल्या मूठभर चेरी घेऊन, पुढच्या गाड्यांना थांबवून त्यांना वाट करून देऊन गेला.

सोर्तेल्याला तटाच्या आत सगळं दगडी गाव आहे, आणि बाहेर दोन प्रचंड खडक एकमेकांना टेकलेले. एका मुलीने आपल्या प्रियकराला चोरून मुका दिला आणि तिच्या आईने शाप देऊन दोघांना दगड केलं, अशी तिथली गोष्ट. एक गाईड पाहुण्यांना ती सांगत होता. देओलिंदाबाईंनी पूर्ण ऐकून घेतली.

"असं करता येतं हे मला कुणी तेव्हा सांगितलं नाही," त्या जावयाला म्हणाल्या. "मी तुम्हा दोघांना भट्टीच्या मागे पकडलं तेव्हा नुसताच झाडू फेकला."

"तो लागला होता," बेलार्मिनो म्हणाला.

"तुला लागला. नेम तिच्यावर होता."

त्या त्या खडकांकडे बघत राहिल्या. बेलार्मिनोला वाटलं, आता बोलावं. त्याने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात गाईडने पाहुण्यांना पुढे नेलं, सासूबाई त्यांच्या मागे तरातरा निघाल्या, आणि ते राहिलं.

लिन्यारेशला पोचेपर्यंत पाच वाजले. किल्ल्याचे दोन बुरूज पाहायचे आणि तिथून घरी, असं ठरलं होतं. पण गावाच्या वरच्या डोंगरावर सासूबाईंना आकाशात माणसं लोंबकळताना दिसली. लाल, पिवळी, निळी मोठमोठी कापडं, आणि त्यांच्याखाली दोऱ्यांना टांगलेली माणसं. बुरूज राहू दे, त्या म्हणाल्या, तिकडे घे.

वर माळावर वारा होता. योलांदा नावाची लिस्बनची एक मुलगी लोकांना आपल्यापुढे बांधून उडवायची. त्या दिवशीचा तिचा शेवटचा पाहुणा, एक धिप्पाड जर्मन, कड्याच्या टोकापर्यंत जाऊन, खाली बघून, 'आलोच' म्हणत गावातल्या बारमध्ये जाऊन बसला होता. सगळा जामानिमा पसरलेला, आणि माणूस नाही. देओलिंदाबाईंनी विचारलं की त्या जागेवर कुणी बसलं तर चालेल का. योलांदाने आजूबाजूला बघून कोण बसणार म्हणून विचारलं.

ती मुलगी भली होती. तिने हसण्यावारी नेलं नाही. वजन विचारलं, वय विचारलं, गुडघे कसे आहेत ते विचारलं. वारा समोरून चांगला आहे, तीनच पावलं टाकावी लागतील, म्हणाली. मग हृदयाचा काही त्रास?

"हृदयाचा नाही, मुलाचा आहे," सासूबाईंनी सांगितलं.

बेलार्मिनो मधेमधे नको नको म्हणत होता, पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. शिरस्त्राण चढलं, रुमालावरूनच. पट्टे आवळले. मग हातमोजे घालायला योलांदाने त्यांचे हात हातात घेतले आणि ती थांबली. आजी, तुमचे हात बर्फासारखे आहेत, ती म्हणाली. तुम्ही घाबरलाय. नाहीतर रक्त नीट फिरत नाहीये. असं असेल तर मी नाही नेऊ शकत. घरचं कुणी जबाबदारी घेऊन सही करणार असेल तरच.

देओलिंदाबाईंचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांना भर चर्चमध्ये चोर म्हटलं. आयुष्यात त्यांच्या हातांना कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि बेलार्मिनो, जो आत्तापर्यंत नको म्हणत होता, तोच पुढे झाला.

घाबरलेल्या नाहीत, तो म्हणाला. हे हात असेच असतात. ऑगस्टमध्येही असेच असतात. या हातांखाली दूध कसं बसतं ते येऊन बघा. या हातांचं चीज कापलं की सुरीला बिलगतं, चमच्याने खावं लागतं, चार गावांचे दुकानदार दारात उभे असतात. असे हात सगळ्या डोंगरात आता तीनच बायकांचे उरलेत, आणि त्यातल्या दोघींना दिसत नाही. तो बोलतच गेला. चार महिन्यांत मिळून बोलला नसेल एवढं तो वाऱ्यात ओरडून बोलला, आणि मग त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

देओलिंदाबाई शिरस्त्राणाखालून त्याच्याकडे बघत होत्या.

"हातांचं झालं," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मला कुठे ठेवायचं, जावईबापू?"

बेलार्मिनोने टोपी काढली. वारा होता, तशीही उडाली असती.

"मेंढ्या एर्मिनियोला देऊन टाकतो," तो म्हणाला. "उद्याच. ते टेबल फोडून चुलीत घालतो. तुम्ही हात मांडीवर ठेवून नुसत्या बसा, मला शिव्या द्या, हॉर्न वाजवा. पण जाऊ नका. मला तुमच्याशिवाय त्या घरात राहता येणार नाही."

योलांदा हातात कागद आणि पेन घेऊन कधी याच्याकडे, कधी त्यांच्याकडे बघत होती.

"ग्रासिएतच्या मेंढ्या देणार तू?" सासूबाई म्हणाल्या.

"देणार."

"आणि हे बोलायला चार महिने दातखीळ बसली होती तुझी?"

तेवढ्यात मागचं मोठं लाल कापड वाऱ्याने फुगायला लागलं आणि योलांदा म्हणाली, आत्ता, नाहीतर नाही. सही कर, सासूबाई म्हणाल्या. त्याने गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. योलांदाच्या दोन मित्रांनी दोन्ही बाजूंनी धरलं, एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं हवेत पडलं, आणि त्याला उत्तर न देता सासूबाई डोंगरावरून निघून गेल्या.

उतरायचं कुरण खाली दरीत होतं. बेलार्मिनो गाडीकडे धावला. एक हात स्टिअरिंगवर, डोकं खिडकीबाहेर आणि नजर वर, असा तो लिन्यारेशच्या गल्ल्यांतून खाली सुटला. गल्ल्या दोन गाढवांच्या मापाच्या. एका ठिकाणी त्याने एक कुंडी पाडली, एका ठिकाणी वाळत टाकलेली चादर गाडीच्या आरशाला अडकून बरोबर आली. बारसमोर त्याने लोकांना विचारलं, माझी सासू कुठे गेली, दिसली का? लोकांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. तो जर्मन बिअरचा ग्लास घेऊन उभा होता. बेलार्मिनोने वर बोट दाखवलं. सगळ्या बारने वर बघितलं, आणि जर्मनाने ग्लास खाली ठेवला.

कारण त्या खाली येतच नव्हत्या. तापलेल्या खडकांवरून हवा वर चढत होती आणि लाल कापड तिच्याबरोबर गोल गोल वर चाललं होतं, बुरुजांच्या वर, घारींच्या वर. खाली लोंबणारे चार पाय दिसत होते, त्यातले दोन काळ्या मोज्यांतले, आणि ते पाय जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे हलत होते. वरून आवाज यायचा, तुटक तुटक. बेलार्मिनोला आधी वाटलं त्या ओरडतायत. मग कळलं की हसतायत.

ग्रासिएत असती तर तिने आईला उडू दिलं नसतं. तिने दोघांनाही कानाला धरून घरी नेलं असतं. हे त्याच्या मनात आलं, आणि तिचा तो चेहरा इतका स्पष्ट डोळ्यांपुढे आला, की त्याला हसू फुटलं आणि गाडी थांबवावी लागली. हसता हसता रडू आलं, मग पुन्हा हसू. एका म्हाताऱ्याने खिडकीशी येऊन बरं आहे ना म्हणून विचारलं. बेलार्मिनोने त्याला चेरी दिल्या.

शेवटी त्या उतरल्या, पण ठरलेल्या कुरणात नाही. वाऱ्याने दोन शेतं पुढे नेलं आणि त्या कापणीला आलेल्या कमरेएवढ्या गवतात बसत्या झाल्या. बेलार्मिनो भिंतीवरून उडी मारून पोचला तेव्हा योलांदा पट्टे सोडवत होती आणि सासूबाई गवतात पाय पसरून बसल्या होत्या. गाल लाल, रुमाल मानेत, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

"ती मुलगी म्हणते परत लगेच नाही जाता येत," त्या म्हणाल्या. "शोभतं का हे?"

तो त्यांच्यासमोर गवतातच बसला. धावून धावून त्याला दम लागला होता.

"सासूबाई, मी काहीतरी विचारलं होतं."

"ऐकलं मी. म्हातारी झाले, बहिरी नाही." त्यांनी नाक पुसलं. "मुलगी गेल्यावर जावयाच्या घरात बाई कुठल्या तोंडाने राहते, रे? कुणी राहा म्हटल्याशिवाय? मी वाट बघितली. ईस्टरला ओस्वाल्दो ते बोलला तेव्हा तू मान खाली घालून कोकराचं हाड चोखत बसलास. मला वाटलं, झालं."

"मला वाटलं, तुम्हाला वाटेल..."

"हो हो. दोघांनाही वाटत बसलं. फोन लाव त्याला."

त्याने फोन लावून त्यांच्या हातात दिला. ओस्वाल्दो लगेच उद्या किती वाजता येणार ते सांगायला लागला. त्यांनी त्याला बोलू दिलं आणि मग सांगितलं की त्या येणार नाहीत, ती खोली त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी द्यावी. पलीकडून बराच आवाज झाला. बेलार्मिनोचं नाव दोनदा ऐकू आलं.

"नाही, त्याने कामासाठी ठेवून नाही घेतलं," सासूबाई म्हणाल्या. "तो तर मेंढ्या वाटायला निघालाय, त्यालाच आवरायचंय मला. चीज मी करीन, मला वाटेल त्या दिवशी करीन, नाही वाटलं तर तो डुकराला घालायचं चीज स्वतः करील. आणि आवाज चढवू नकोस. आत्ताच डोंगरावरून उडी मारून आलेय मी. कुठून म्हणजे? लिन्यारेशवरून. नाही, पडले नाही. बेलार्मिनोने सही केली."

त्यांनी फोन जावयाला परत दिला आणि उठवून घ्यायला हात पुढे केला. तो उठला, त्याने ओढलं, त्या अर्ध्या उठल्या, दोघांनाही हसू आलं, आणि दोघंही पुन्हा गवतात बसले. योलांदाने मदतीला हात दिला तर तीही खाली आली. आता तिघंही पोट धरून बसली होती आणि उठायचं कुणाच्याच हातात नव्हतं.

तेवढ्यात गवताचा मालक हातात काठी घेऊन भिंतीजवळून ओरडत आला. वर्षभराचं गवत, परवा कापायचं होतं, आणि आता कुणी लोळवलं? कोण पडलं माझ्या गवतात, त्याने विचारलं. तो बेलार्मिनोकडे बघत होता.

"मी," देओलिंदाबाई म्हणाल्या.

त्याने त्यांचे काळे मोजे बघितले, मानेतला रुमाल बघितला, डोक्यावरचं शिरस्त्राण बघितलं. कुठून, असं त्याने विचारलं. त्यांनी वर बोट केलं. तो मान मागे टाकून बराच वेळ वर बघत राहिला, डोंगराच्या माथ्यापर्यंत आणि त्याच्याही वर. मग त्याने काठी काखेत धरली, टोपी काढली, आणि उठायला त्यांना हात दिला.